खुलासा : दोन दिवसांच्या शिबिराने आघात-संवेदनशील योगशिक्षक होता येत नाही

इंदूरमधील आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, दोन दिवसांचे शिबिर केलेला कोणीही मानसिक आघात सोसलेल्यांना त्यांच्यासाठी बेतलेला ‘आघात-संवेदनशील’ योग शिकवू शकतो आणि मग त्यांना औषधांची गरज उरत नाही. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

संदेशात आधार म्हणून दिलेला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी शोधनिबंध मी वाचला. त्यातील ६४ स्त्रियांपैकी योगगटातल्या स्त्रियांनी दहा आठवडे दर आठवड्याला एक तास योग केला. अखेरीस त्यांतील ३१ पैकी १६ जणी आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या (पीटीएसडी) निकषांतून बाहेर आल्या, मात्र तेथे योग हा उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हे. तेथे वापरलेल्या आघात-संवेदनशील योगपद्धतीच्या शिक्षकांचे प्रमाणपत्र-प्रशिक्षण ३०० तासांचे असते.

शिकवण्याची रीतही निराळी आहे: शिक्षक स्पर्श करून आसन सुधारत नाही, डोळे मिटण्याची सक्ती करीत नाही आणि आज्ञेऐवजी ‘हवे असल्यास’ अशी भाषा वापरतो. (‘डोळे मिटा’ ही माझीही वर्षानुवर्षांची सवय, ती सोडणे सोपे नाही.) शवासनात स्वस्थ पडून राहणेही काहींना असह्य होऊ शकते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, आणि कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.