आत्याचे लेखापरीक्षण

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तुटपुंज्या पैशांत उरकलेले गुन्हेपट पाहण्याचे मला व्यसन आहे, आणि सारी नोकरी लेखापरीक्षणात घालवून निवृत्त झालेली माझी आत्या सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायचे म्हणून काढलेले हे चित्रपट तसेही सव्वा तासात आटोपतात. पण आत्या शेजारी बसली की ते दहाव्या मिनिटालाच संपतात, कारण खुनी कोण हे ती पुराव्यावरून नव्हे, खर्चावरून ओळखते.

परवाचीच गोष्ट. धुके, ओला रस्ता, आणि कोट-हॅट घातलेले चार इसम, ज्यांतला पोलिस कोणता आणि चोर कोणता हे मला मध्यंतराच्या सुमारासही उमगत नाही. आत्याने विचारले, "एवढं धुकं कशाला?" मी लंडनच्या कोळशाच्या धुराबद्दल आणि डिसेंबर १९५२ मधल्या त्या जीवघेण्या धुक्याबद्दल सांगू लागलो. "ते असेल रे," ती म्हणाली, "पण धुकं असलं की मागचा रस्ता उभारावा लागत नाही."

नायकाचे उच्चार वेगळे का, याचेही उत्तर माझ्याकडे होते. १९५१ च्या सुमारास हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने रॉबर्ट लिपर्ट या अमेरिकन निर्मात्याशी करार केला. त्यानुसार तिकडचा, थोडा उतरणीला लागलेला नट इकडे यायचा आणि त्या बदल्यात चित्रपट अमेरिकेत लागायचा. आत्याने क्षणभर हिशेब केला. "म्हणजे सगळ्यांत महाग हाच. मग हा निर्दोष. एवढं भाडं भरून आणलेल्या माणसाला कोणी फासावर देतं होय?"

पुढे एका गरीब, दुःखी विधवेने चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरपुढे चहा ठेवला आणि त्यात दोन चमचे साखर घातली. मला तिची कणव येत होती. आत्या मात्र सावरून बसली. ब्रिटनमध्ये साखर १९५३ पर्यंत रेशनवर होती, हे दुर्दैवाने मीच तिला जेवताना सांगितले होते. "दोन चमचे? पाहुण्याला? हिच्या उत्पन्नाचा स्रोत काय?" पाऊण तासाने, घंटा घणघणवत आलेल्या काळ्या पोलिसगाडीतून त्या विधवेला नेण्यात आले, तेव्हा आत्या घोरत होती.

काल मी निराळा चित्रपट लावला आणि खबरदारी म्हणून तोंड मिटून बसलो. हॅमरने थेम्सकाठी ब्रे येथे एक जुनी हवेली घेऊन तिचाच स्टुडिओ केला होता आणि तिच्याच खोल्या भिंतींचे कागद बदलून चित्रपटामागून चित्रपटात वापरल्या होत्या, हे तर मी मुळीच बोललो नाही. तिसऱ्या मिनिटाला आत्याने चष्मा पुसला.

"हा परवाचाच जिना. पडदे तेवढे बदललेत," ती म्हणाली. "आणि परवाचं प्रेत आज इन्स्पेक्टर झालंय. बढतीचा आदेश कुठाय?"