नरेंद्र मंडळ ही कुणाची संसद?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: भारताची खरी पहिली संसद म्हणजे संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ. साडेपाचशेहून जास्त राजे तिथे मांडीला मांडी लावून बसत आणि प्रजेची गाऱ्हाणी इंग्रजांपुढे मांडत. १९४७ मध्ये याच मंडळाने एकमुखाने भारतात सामील व्हायचं ठरवलं, आणि पुढे इंदिरा गांधींनी एका सहीत राजांचे तनखे (सरकारकडून दरवर्षी मिळणारी रक्कम) बंद करून त्याची परतफेड केली. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांचं काय, ते एकेक करून बघू.

‘पहिली संसद’. मंडळ निघालं ते बादशहा पंचम जॉर्ज यांच्या जाहीरनाम्याने. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटने दिल्लीच्या लाल किल्ल्यात, दिवाण-ए-आममध्ये, त्याचं उद्घाटन केलं. राजे आपल्यातून एक चॅन्सेलर, म्हणजे आपला म्होरक्या, निवडत. पहिले बिकानेरचे गंगासिंह, त्यांच्यानंतर पतियाळाचे भूपिंदरसिंह. अध्यक्षाची खुर्ची मात्र व्हाइसरॉयची. मंडळाला कायदा करता येत नव्हता, त्याचा ठराव कुणावर बंधनकारक नव्हता, आणि एखाद्या संस्थानाचा अंतर्गत कारभार किंवा त्याचे इंग्रजांशी झालेले तह हे विषय चर्चेला घ्यायलाच मनाई होती. थोडक्यात, सल्ला द्यायचा, तोही विचारला तर.

याचा अर्थ काय, ते इंदूरच्या प्रकरणात दिसतं. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबार सोडून त्याच्याकडे राहायला आलेल्या मुमताज बेगम या नर्तकीला पळवून नेण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला, आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले. चौकशी आयोगाला सामोरे जा नाहीतर गादी सोडा, असा पेच सरकारने टाकला आणि १९२६ मध्ये इंदूरचे राजे तुकोजीराव होळकर गादीवरून उतरले. तुकोजीराव दोषी होते की नव्हते, हा वाद वेगळा. पण एवढ्या मोठ्या संस्थानाचा राजा जातो आणि राजांच्या तथाकथित संसदेत त्यावर बोलायची सोय नसते, हे लक्षात घ्या.

फॉरवर्डला पुरावा म्हणून जुन्या गोल संसद भवनाचा फोटोही जोडलेला असतो. १९२७ मध्ये सुरू झालेल्या त्या इमारतीत नरेंद्र मंडळाचं सभागृह होतं, हे अगदी खरं. त्याच दालनात पुढे १९३७ पासून फेडरल कोर्ट बसलं आणि १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालयही. दालनावरून दर्जा ठरवायचा तर मंडळाला न्यायालयही म्हणावं लागेल.

‘सगळे राजे बरोबरीने’. संस्थानं आणि इंग्रज सरकार यांचे संबंध तपासायला नेमलेल्या बटलर समितीच्या १९२९ च्या अहवालात हिशेब आहे. एकूण ५६२ संस्थानं. त्यातल्या १०८ संस्थानांच्या राजांना मंडळात स्वतःच्या हक्काने जागा. पुढच्या १२७ संस्थानांनी मिळून १२ प्रतिनिधी निवडायचे. उरलेल्या ३२७ जहागिरी-इस्टेटींना काहीच नाही. प्रतिष्ठा मोजायची ती तोफांच्या सलामीवर. कोल्हापूरला १९ तोफा, औंधला एकही नाही. आणि सर्वांत वरच्या, २१ तोफांच्या पाच संस्थानांपैकी हैदराबाद आणि म्हैसूर मंडळापासून लांबच राहिली. लहानसहान राजांच्या रांगेत बसून आपलं वजन कशाला कमी करून घ्या, असाच तो हिशेब असावा.

‘प्रजेची गाऱ्हाणी’. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. १९१० चा वृत्तपत्र कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा ब्रिटिश मुलखातली वर्तमानपत्रं आता आपल्यावर तुटून पडतील अशी धास्ती संस्थानिकांनी घेतली. त्यांना संरक्षण देणारं विधेयक आलं, तर मध्यवर्ती कायदेमंडळाने ते मांडूनच घेतलं नाही. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने आपला खास अधिकार वापरून ते मंजूर करवलं. निवडून आलेले लोक नको म्हणत असताना, राजांवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगाची भीती दाखवणारा कायदा झाला. यातलं प्रजेचं गाऱ्हाणं कुठलं, ते फॉरवर्डवाल्यांनी सांगावं.

बटलर समितीच्या वेळीही तेच. राजांनी आपली बाजू मांडायला सर लेस्ली स्कॉटसारखा बडा इंग्रज वकील नेमला. आपल्या संमतीशिवाय आपल्याला उद्याच्या हिंदी सरकारच्या हवाली करू नये, ही त्यांची मुख्य मागणी, आणि समितीने ती उचलून धरली. संस्थानी प्रजेच्या प्रतिनिधींना मात्र समितीने साक्षीला उभं केलं नाही. प्रजेला स्वतःची अखिल भारतीय परिषद तर १९२७ मध्येच काढावी लागली होती. मंडळ प्रजेसाठी भांडत असतं तर या परिषदेची गरज काय होती?

चांगले राजे नव्हते असं कुणी म्हणत नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. त्यांनी ते मंडळाच्या ठरावाची वाट न बघता केलं.

‘१९४७ चा एकमुखी निर्णय’. तेव्हा चॅन्सेलर होते भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान, आणि राजांनी घटना समितीत जाऊ नये असं त्यांचं मत होतं. बिकानेरचे सादुलसिंह उघडपणे विरोधात गेले. एप्रिलमध्ये बडोदा, बिकानेर, पतियाळा वगैरे संस्थानांचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले आणि मंडळ दुभंगलं. जूनमध्ये नवाबांनी चॅन्सेलरपद सोडलं. त्याच महिन्यात त्रावणकोरने स्वतंत्र राहायचं जाहीर केलं. २५ जुलैला माउंटबॅटन मंडळापुढे बोलले ते सामीलनाम्यावर सह्या करा हे समजावायला, आणि सह्या ज्याने त्याने आपापल्या केल्या. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय त्यात होते. जुनागढ आणि हैदराबादचं पुढे काय झालं, ते सांगायला नको.

राहिले तनखे. घटनेच्या कलम २९१ मध्ये त्यांची हमी होती आणि ती मोडली, हे मान्य. त्यावर राग धरणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. पण ‘एका सहीत’ हे साफ चूक. १९७० चं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास होऊन राज्यसभेत निसटत्या मतांनी पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढली, तर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेशच रद्द ठरवला. शेवटी १९७१ च्या अखेरीस २६ वी घटनादुरुस्ती करावी लागली. तनखे सगळ्यांचे भरघोस होते असंही नाही. म्हैसूरला वर्षाला २६ लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाला १९२ रुपये. आणि या लढ्यात नरेंद्र मंडळ कुठेच नव्हतं, कारण ते १९४७ मध्येच संपलं होतं. १९६७ मध्ये राजांना नवी संघटना काढावी लागली. तिच्या वतीने सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा संस्थानाचे महाराज गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांशी वाटाघाटी करत होते, आणि विषय एकच होता: तनखे आणि मानमरातब.