अहो-जाहो आणि एकच झोपायची पिशवी
उत्तर ध्रुवाकडे निघालेले नॉर्वेचे नान्सेन आणि योहानसेन उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले (एप्रिल १८९५), एवढंच त्यांच्यावरच्या एका लेखात आलंय, पण खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. त्यांचं 'फ्राम' जहाज सोडून बर्फावरून निघताना सोबत २८ कुत्री होती. एकेक मारून उरलेल्यांना खाऊ घालत दोघं फ्रान्झ जोसेफ लँड या आर्क्टिकमधल्या बेटांवर पोचले. तिथं दगड, शेवाळ आणि वर वॉलरसच्या कातड्याचं छप्पर अशी खोपटी उभारली. चरबीचा दिवा, सकाळी अस्वलाचं उकडलेलं मांस, रात्री तेच तळून. जवळजवळ नऊ महिने! आणि एवढं होऊन नान्सेनचं वजन वाढलेलं. ताजं मांस पोटात जात असल्यानं स्कर्व्हीही (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग) फिरकला नाही.

मला सगळ्यात मजा वाटते ती याची: दोघं एकाच पिशवीत झोपायचे, दिवसाचे वीस-वीस तास लोळायचे, पण हाक मात्र 'प्रोफेसर नान्सेन', 'मिस्टर योहानसेन'. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आले ते थेट ३१ डिसेंबर १८९५ ला. जहाज सोडून साडेनऊ महिने झाले होते तेव्हा. आपल्याकडे एस्टीच्या एका प्रवासात होतं हे.