मामाची बिडी आणि मशीनचा आकडा

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. लालबागचा मामा सीओपीडीने (श्वास कोंडणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) महिन्यात दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट झालाय आणि केसपेपरवर लिहिलंय ‘स्मोकिंग : नाही’. दादा म्हणतो, वॉर्डात फुंकायचं मशीन ठेवा, थापा लगेच उघड्या पडतील. मामी म्हणते, सत्तरीच्या माणसाची आता झडती घेणार का?

मी मँचेस्टरला फुप्फुसाच्या वॉर्डात नर्स आहे. ते मशीन रोज माझ्या हातात असतं. सिगारेट ओढणारा कुणीही अ‍ॅडमिट झाला की सोडायची मदत त्याला रुग्णालयातच द्यायची, असं इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, 2019 मध्ये ठरवलं. म्हणून मशीनमध्ये फुंकायला लावून श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातून येणाऱ्या वायूचा, आकडा लिहायचा आणि लगेच निकोटिनचा पॅच पुढे करायचा. आकड्यामागून ओरडा न येता पॅच येतो, त्यामुळे निदान माझ्यासमोर तरी लोक फार लपवत नाहीत.

पण दादा, तेच मशीन परळला मामाच्या वॉर्डात आणलंस तर? तो वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. पहाटे टपरीवर जाऊन आलेला मामा संध्याकाळच्या राउंडला सोवळा. उलट चुलीपुढून उठून आलेली बाई बिडीला न शिवताही आकड्यात सापडेल. मग लघवीतलं कोटिनिन (निकोटिनचं शरीरात जे बनतं ते) तपासा म्हणशील. ते दोन-तीन दिवस पकडतं, पण बिडी, तंबाखूचा बार आणि मिश्री त्याला सारखीच. आणि आपल्या महाराष्ट्रात तर ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे नि लावणारे कितीतरी जास्त. आधी मामीच अडकायची! (मामी, रागावू नकोस.)

मला खोट दिसते ती प्रश्नात. ‘स्मोकिंग करता का?’ असं मामाला विचारलं, तेही मुलगा शेजारी उभा असताना. मामाच्या लेखी स्मोकिंग म्हणजे सिगारेट. बिडी ती बिडी. दिवसाला किती, शेवटची कधी, घरात चूल होती का, हे कुणी विचारलंच नाही. 1982 च्या संपापर्यंत तो गिरणीत कार्डिंग खात्यात होता, कापसाची धूळ खात. तिला तर केसपेपरवर रकानाही नाही. सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर राज्यात 2020 पासून बंदी आहे म्हणे. गेटसमोरच्या टपरीवाल्याला ते कळवायला हवं.

काल मुलगा चहाला गेलेला बघून मी व्हिडिओ कॉल लावला. “मामा, शेवटची कधी?”

त्याने दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “साडेतीनला. अर्धीच हं.”