फीला कायदा, माफीला जीआर

सांगलीत विश्रामबागच्या एका कोपऱ्यावर, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. परवा पिंटूने बहिणीच्या प्रवेशाची पावती सर्वांपुढे धरली आणि मुलींच्या मोफत शिक्षणाचा विषय, जो जुलै 2024 पासून महिन्यातून एकदा तरी निघतोच, पुन्हा निघाला. पावतीवर शिक्षण शुल्कापुढे ठळक शून्य होते. त्या शून्याखाली विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण अशा ओळी उतरत गेल्या होत्या, आणि पावतीला टाचलेल्या हमीपत्रात 'शासनाकडून रक्कम प्राप्त न झाल्यास ती मी स्वतः भरीन' या वाक्याखाली पिंटूच्या वडिलांची सही होती.

"शून्य दिसते आहे ना? मग तक्रार कशाची?" असे तात्यांनी विचारले. तात्या एका शिक्षण संस्थेचे विश्वस्त आहेत आणि 'आम्ही ज्ञानदान करतो' हे वाक्य ते इतक्या भक्तिभावाने उच्चारतात की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो.

भाऊसाहेबांनी पावती डोळ्यांजवळ नेली. त्यांचे उभे आयुष्य एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे गेले आहे. कागद वाचताना ते आजही अंगठ्याने एकेक ओळ खाली सरकवत जातात. "तात्या, हे शून्य शासनाचे आहे आणि हमीपत्र महाविद्यालयाचे आहे," ते म्हणाले. "दोन्ही कागद एकाच टाचणीत असले, तरी अडचणीच्या वेळी कोणता बाहेर निघतो, हे पिंटूच्या वडिलांना सही करतानाच कळले असणार."

येथे वकिलांनी चर्चेचा ताबा घेतला. वकिलांना खटल्यांची नावे सांगितल्याशिवाय चहा गोड लागत नाही. खासगी शिक्षण संस्थांबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे 2002 चा टी. एम. ए. पै आणि 2005 चा इनामदार हे निकाल, त्यानंतर महाराष्ट्राने केलेला खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशाचे व शुल्काचे विनियमन करणारा 2015 चा अधिनियम, त्यातून आलेले शुल्क नियामक प्राधिकरण, हे सारे त्यांनी एका दमात मांडले आणि महाविद्यालय मनाला येईल ती फी लावू शकत नाही, असा निष्कर्ष काढून ते विजयी मुद्रेने मागे टेकले.

"हेच तर मी म्हणतो," भाऊसाहेब म्हणाले. "फी किती घ्यायची याला विधिमंडळाचा कायदा आहे, प्राधिकरण आहे, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. ती माफ करायची याला काय आहे? शासन निर्णय, म्हणजे जीआर. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहिलेले असते आणि खाली उपसचिवांची सही असते. उद्या दुसरा उपसचिव दुसरा शासन निर्णय काढील आणि तोही राज्यपालांच्याच नावाने असेल. संस्थेच्या पदरात कायदा आहे आणि मुलीच्या पदरात परिपत्रकाची झेरॉक्स आहे."

मला हा मुद्दा त्याच क्षणी पटला, हे येथे कबूल करून टाकतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्म्याऐवजी पूर्ण माफी द्यायची, हा निर्णय मोठाच आहे आणि त्याने पुष्कळ मुली शिकतील. तथापि एवढ्या मोठ्या गोष्टीला इतका पातळ कागद का, हे आम्हांपैकी कोणीच यापूर्वी विचारले नव्हते.

वकील सहजी हरणारे नव्हेत. त्यांनी राजर्षी शाहूंनाच साक्षीला बोलावले. "ज्यांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची योजना आहे, त्या महाराजांचा राखीव जागांचा 1902 चा निर्णय हा हुकूमच होता, तो काही विधिमंडळाने संमत केलेला नव्हता."

"हुकूम खरा, पण देणारा राजा होता आणि तिजोरीची किल्ली त्याच्याच कमरेला होती," भाऊसाहेबांनी उत्तर दिले. "आणि महाराजांचेच नाव काढलेत म्हणून सांगतो. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यांनी दरमहा 1 रुपया दंड ठेवला होता. आता मुलीला धाडणाऱ्या पालकाकडून आपण विलंब शुल्क घेतो."

तात्यांना हे लागले. शासनाकडून पैसे वेळेवर येत नाहीत, प्राध्यापकांचे पगार थकतात, संस्थेने काय देवघरातील चांदी विकावी काय, असा त्यांनी सूर लावला. थकबाकीचे दुखणे खोटे नाही, आणि भाऊसाहेबांनीही ते मान्य केले. "मात्र उशीर शासन करते आणि हॉल तिकीट मुलीचे अडते, एवढेच माझे म्हणणे आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांनी एका मुलीची हकीकत सांगितली. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून तिचा अर्ज परत आला होता, कारण तिने उत्पन्नाच्या दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढला, तेव्हा कागद धरून बसलेल्या वडिलांच्या अंगठ्याची सावली बारकोडवर पडली होती. दुरुस्तीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि ती दोन बस बदलून पुन्हा तोच दाखला घेऊन आली होती. भाऊसाहेबांनी तो स्वतः स्कॅन केला. "मी त्या दिवशी रजेवर असतो, तर ती सावली तिला त्या वर्षाच्या फीएवढी महाग पडली असती."

"माझ्या शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता तर पदवी हातात आल्यावर आला," पिंटू म्हणाला. "शिवाय मुलांना अजून निम्मीच माफी आहे, काका."

"तुझ्या गुणांकडे पाहता शासनाने निम्मी दिली हेच पुष्कळ झाले," असा तात्यांनी टोला हाणला. पहिल्यांदाच आपल्या वाक्याला हशा मिळाल्यामुळे ते खुलले आणि नको ते बोलून बसले. आमची संस्था लवकरच स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ होणार, म्हणजे ही माफीची कटकटच राहणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. 2024 च्या शासन निर्णयातून अशी विद्यापीठे वगळलेली आहेत, हे त्यांना नेमके पाठ होते.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "विद्यापीठ व्हायला तुम्हाला विधिमंडळाचा कायदा लागेल, तात्या. तेथे जीआरवर भागत नाही. बघा, संस्थेला विद्यापीठ व्हायचे असले की दोन्ही सभागृहे, राज्यपालांची संमती आणि राजपत्र, इतका सरंजाम लागतो."

वकील काही वेळ गप्प राहिले आणि मग भलत्याच बाजूने बोलले. कायदा झाला म्हणून काय होते, कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा 1987 चा आहे, पण देणग्या थांबल्या काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्याआधी, म्हणजे वसंतदादांनी 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिल्यावर, खुद्द वकिलांच्या वडिलांकडे देणगी मागितली गेली होती. वडिलांनी जमीन विकायला नकार दिला आणि चिरंजीव विधी महाविद्यालयात गेले. हा व्रण दर पावसाळ्यात उघडतो.

"म्हणजे महाराष्ट्राला एक वकील मिळाला, तो संस्थाचालकांमुळेच," तात्या म्हणाले.

"आणि एक पूल वाचला," भाऊसाहेब म्हणाले.

यावर वकीलही हसले. त्या भरात तात्यांनी आजच्या चहाचे शुल्क आपण शंभर टक्के माफ करीत असल्याची घोषणा केली आणि पाकीट घरी राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले. टपरीवाल्याने आमचे सगळे ऐकले होते. त्याने पिंटूच्या पावतीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "आता सगळ्यांनी भरा. तात्यांचे आले, की परत देतो."

भाऊसाहेब खिशातून पेन काढून हमीपत्राचा मजकूर सांगू लागले.