खुलासा : ढेकणांसाठी धान्याची गोळी घरात ठेवू नका

‘धान्यातली गोळी गादीखाली ठेवा, ढेकूण मरतात, वास गेला की खोली सुरक्षित,’ असा निरोप फिरतोय. तो साफ चूक आहे, जीवघेणा आहे.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो, म्हणजे शेजाऱ्यांचं लेकरूही सुटत नाही. लहान मुलं भराभर श्वास घेतात, वजनाच्या मानाने जास्त विष आत ओढतात. गरोदर बाईच्या जिवासोबत पोटातल्या बाळाचाही जीव धोक्यात येतो. आणि या विषावर उतारा नाही.

गोळी ठेवलीच असेल तर तिच्यावर पाणी टाकू नका, सगळे आधी बाहेर पडा. मळमळ, धाप, छातीत जडपणा वाटला तर तडक रुग्णालय गाठा आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.