विलाप स्तुतीने पुसला जात नाही

‘देवापुढे तक्रार करणे हा अविश्वास आहे, म्हणूनच बायबलमधला प्रत्येक विलाप शेवटी स्तुतीत संपतो, आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाने केवळ स्तुतीच केली,’ अशा आशयाचा मजकूर आजारपणात किंवा मर्तिकाच्या घरी सांत्वन म्हणून हमखास फिरतो. तो पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हिब्रू शास्त्र, म्हणजे बायबलचा जुना करार, तसे सांगत नाही.

प्रत्येक विलाप स्तुतीत संपतो, हे खरे नाही. पुष्कळ विलाप तिकडे वळतात, हे मान्य. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या गीतसंग्रहातल्या १३व्या स्तोत्रात चार वेळा ‘कोठवर?’ विचारणारा भक्त शेवटच्या, सहाव्या वचनात गाऊ लागतो. परंतु ८८वे स्तोत्र वळतच नाही. हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द अंधाराचा आहे. ८९व्या स्तोत्राच्या शेवटी ‘आमेन, आमेन’ आहे, असे कोणी दाखवील. पण स्तोत्रसंहितेचे पाच भाग आहेत आणि ते वचन तिसऱ्या भागाचे समापन आहे. त्याच्या आधीचे वचन देवाच्या अभिषिक्ताच्या, म्हणजे त्याने निवडलेल्या राजाच्या, विटंबनेवर थांबते. ४०वे स्तोत्र तर उपकारस्तुतीने सुरू होऊन ‘विलंब लावू नकोस’ या याचनेवर संपते.

तक्रार म्हणजे अविश्वास, हा मुद्दा त्याहून कच्चा आहे. जो ऐकणारच नाही त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे मांडत नाही. शिवाय ८८व्या स्तोत्रातला भक्त ‘मृत लोक उठून तुझी स्तुती करतील काय?’ असे विचारतो, म्हणजे मी मेलो तर तुझे स्तवन करणारा एक कमी होईल, हे तो देवाला सुनावतो. स्तुती हेच त्याच्या तक्रारीचे हत्यार आहे. ज्या संग्रहात विलापांची संख्या एवढी मोठी आहे, त्याचे हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते, असावे यात म्हणूनच विसंगती नाही.

ईयोबाविषयी थोडक्यात सांगता येते. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, पुढे देवाशी वाद घालतो, आणि ४२व्या अध्यायात देव ठपका ठेवतो तो त्याला गप्प करू पाहणाऱ्या मित्रांवर. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात तर स्तुतीचे १३वे वचन संपताच १४व्यात जन्मदिवसाला शाप आहे.

राहिले ‘विलापगीते’ हे बायबलमधले पुस्तक. यरुशलेमच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी लोक ज्याला बिरड्याचा सण म्हणत आले त्या दिवशी, यहुदी हे पुस्तक वाचतात. ‘की तू आम्हांला अगदीच टाकून दिले आहेस?’ अशा अर्थाच्या वचनावर ते संपते, म्हणून त्याआधीचे वचन पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे. शेवट गोड करण्याची ही सोय आहे, असे वाटेल. पण शेवटचे वचन गाळले जात नाही, ते आधी मोठ्याने वाचले जाते, आणि पुन्हा म्हटले जाते तेही स्तुती नसून ‘आम्हांला तुझ्याकडे परत फिरव’ ही विनवणीच असते.